घर ते स्टँड, अकरा मिनिटं

दिगंबरच्या गळ्यात ओळखपत्राच्या दोरीला ओळखपत्र नसे, स्टॉपवॉच असे. बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेशन्स मॅनेजमेंट हा विषय लागला आणि आठवडाभरात त्याने ते विकत घेतलं. बाकीच्यांनी पुस्तक घेतलं होतं.

तो मेडशीचा. रोज एसटीने वाशीमला यायचा. मी वाशीमचाच, त्याच्याच बाकावर बसणारा. समोर कोणतंही काम चाललेलं दिसलं की त्याचा अंगठा बटणावर जाई. "अडते कुठं, ते पाह्य," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वरात अडली, नळ अडला, मास्तर फळ्यासमोर अडले, तरी हेच.

कॅन्टीनवाल्या काकांना त्याने सांगितलं, "काका, साखरेच्या डब्यासाठी तुमी एका चहामांगं बारा पावलं चालता." दुसऱ्या दिवशी काका यायच्या आत त्याने डबा शेगडीजवळ नेऊन ठेवला. सवयीच्या जागी काकांचा हात मिठाच्या बरणीवर पडला. पहिले सहा कप खारट गेले. काका झारा घेऊन दारापर्यंत आले. "तुह्यं बीबीए तुह्या घरी कर बे!"

दिगंबर माझ्या कानाशी म्हणाला, "पण टाइम कमी झाला."

इंझोरीला चुलतबहिणीच्या लग्नात त्याने पंगतीचे वाढपी नव्याने उभे केले. पंगत सतरा मिनिटांत उठली. वराचे मामा हात धुताधुता म्हणाले, "आमाले हाकलून राह्यले काय?" पुढचा तासभर वधूपित्याचा मामांची समजूत घालण्यात गेला. ही वेळही दिगंबरने मोजली. वहीत वेगळी लिहिली.

त्याच्या आकड्यांची आम्ही थट्टा करायचो, पण त्यांवर शंका कोणी घेत नसे. सात मिनिटं दहा सेकंद म्हणजे तेवढीच. नुसती सात म्हटलेलं त्याला चालत नसे.

शेवटच्या सत्राला दोघांत मिळून एक प्रकल्प होता. ओळखीचं एखादं काम घ्यायचं, त्याचे टप्पे पाडायचे, प्रत्येकाची वेळ मोजायची आणि कोणता टप्पा लांबला की सगळंच लांबतं ते नकाशात दाखवायचं. बाकीच्यांनी डेअरी घेतली, दालमिल घेतली. दिगंबरने घेतलं 'मेडशीहून कॉलेजात पोचणे'. मोजमाप त्याचं, लिखाण माझं. गुण दोघांना सारखेच.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर होते. त्यांचं लाल पेन नकाशावरून सरकत एका जागी थांबलं.

"घर ते स्टँड. अंतर दीडशे मीटर, वेळ अकरा मिनिटं?"

"हो सर."

"दीडशे मीटरला दोन मिनिटं लागतात. मोजमाप चुकलंय किंवा आकडा खोटा आहे."

दिगंबरचे कान लाल झाले. "मोजमाप बरोबर आहे, सर."

"मग कारण लिहा."

तो गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळू लागला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय बाजूला घेतला.

"उद्या दहापर्यंत दुरुस्त करून आणा," सर म्हणाले. "नाहीतर दोघंही नापास."

नापास म्हणजे दोघांचीही पदवी वर्षभर लटकणार होती. मला एका कंपनीत नोकरी ठरली होती आणि निकाल दाखवल्याशिवाय ती मिळणार नव्हती. बाहेर येताच मी त्याची कॉलर धरली. "दोन लेह्य न बे! कोण येते मोजाले?"

"खोटा आकडा मी लेहित नाही."

"मंग कारण सांग."

"ते घरचं आहे," म्हणाला आणि बस पकडायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी मेडशी गाठली. पिशवीत कोरा तक्ता होता. त्याच्याकडून 'दोन' लिहून घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. परतीची गाडी सात चाळीसची. ती चुकली तर दहाला पोचणं अशक्य होतं.

मी त्याच्या दाराशी पोचलो, तोच सात एकोणतीसला दिगंबर घरातून निघाला. सोबत त्याचे वडील होते. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली, हे मला तिथे कळलं. दिगंबर शाळेत होता तेव्हापासून रोज तेच त्याला गाडीत बसवून द्यायचे. ते त्यांनी सोडलं नव्हतं. काठी पुढे, मग डावा पाय, मग उजवा ओढत. दिगंबर शेजारून त्याच चालीने. हात धरलेला नव्हता. मी धरायला गेलो, तर त्याने मान हलवली.

निम्म्या वाटेवर गाडी येऊन उभी राहिली. मी पळत जाऊन पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, "येता का राह्यता?" मी म्हटलं, "दोन माणसं येऊन राह्यली." ड्रायव्हरने हॉर्न दिला. दिगंबरने चाल वाढवली नाही. कॅन्टीनमधली बारा पावलं ज्याला खपली नव्हती, तो माणूस ढेकळाएवढ्या खड्ड्यापाशी थांबून काठी टेकायची वाट बघत होता.

गाडीच्या दाराशी ते पोचले. वडिलांनी श्वास घेतला आणि विचारलं, "कि...ती?"

दिगंबरने स्टॉपवॉच थांबवलं. मी पायरीवर होतो. मला आकडा दिसला. अकरा मिनिटं वीस सेकंद.

"दोन मिन्टं, बा," तो म्हणाला. "कालच्यापेक्षा कमी."

वडील अर्ध्या तोंडाने हसले. त्यांनी काठी गाडीला टेकवून डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कंडक्टरने घंटी दिली.

गाडीत आम्ही शेजारी बसलो. मालेगाव गेल्यावर मी कोऱ्या तक्त्याऐवजी जुना नकाशा मांडीवर घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सोबत वडील. अर्धांगवायू.' त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, खिडकीबाहेर बघितलं आणि परत दिला. खोडलं नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही सरांपुढे उभे राहिलो. सरांनी रकाना वाचला. लाल पेन ठेवलं, निळं काढलं, सही केली. मग दिगंबरकडे बघून विचारलं, "पुढे ही वेळ कमी होईल?"

"नाही सर," तो म्हणाला. "वाढून राह्यली."