सायमनची तीन घड्याळं

अंडी उकडायला सायमन तुस्कानो तीन घड्याळं लावतो. एक ओव्हनचं, दुसरं फोनचं आणि तिसरं हातातलं स्टॉपवॉच. पहिली दोन आधी एकमेकांशी जुळवायची, मगच अंडी पाण्यात सोडायची. "मशीन कधीही दगा देतं," तो म्हणतो, "म्हणून दुसरं हवं. दोन्ही मेली तरच हातातलं." अंडी मात्र दरवेळी दगड होतात, कारण घड्याळं तपासण्याच्या नादात गॅस बंद करायचा राहतो.

इथे परदेशात, क्लेटनमध्ये आमची घरं समोरासमोर. मी पुण्याचा, तो वसईचा, दोघंही आयटीतले. सायमनचा आणि बर्फाचा संबंध आला तो लेकीमुळे. एलेना स्कीइंगच्या रेसमध्ये उतरायला लागली, क्लबला वेळ नोंदवणारं माणूस हवं होतं, आणि यानं हात वर केला. स्वतः तो स्कीवर एकदाच उभा राहिलाय. उभा राहिला म्हणजे, दोघांनी धरला होता. नियमपुस्तक मात्र तोंडपाठ!

बार्बेक्यूला कुणी नुसतं "रेस कशी झाली?" विचारलं, की संपलं. "मशीन मान्यताप्राप्तच लागतं, mate. तेही दोन. वायरी वेगळ्या..." ऐकणारे एकेक करून सॅलडच्या दिशेने सटकतात. त्याची बायको ग्लोरिया म्हणते, "नशीब, आमचं लग्न या नियमांच्या आधी झालं."

गेल्या हिवाळ्यात मीही त्यांच्याबरोबर डोंगरावर गेलो. सीझनची शेवटची रेस. एलेना सुसाट खाली आली आणि लाउडस्पीकरवर तिचं नाव पहिलं म्हणून पुकारलं गेलं. मैत्रिणी तिच्या गळ्यात पडल्या. तेवढ्यात टायमिंगच्या केबिनमधून सायमन बाहेर आला. गळ्यात हेडफोन, चेहरा उतरलेला.

"मेन मशीनची वायर निसटली होती," तो क्लबच्या प्रेसिडेंटला म्हणाला. "तुम्ही वाचलीत ती हातातल्या घड्याळाची वेळ. पण दुसरं मशीन चालू आहे, तेच धरायचं. त्यात ती दुसरी आलीय."

"केसभराचा फरक आहे, mate. तुझीच मुलगी ना? कुणाला कळणार?"

"मला कळलं ना."

एलेनाने बापाकडे एकदा पाहिलं. "अनबिलीव्हेबल, डॅड!" म्हणाली आणि स्की खांद्यावर टाकून कपडे बदलायला निघून गेली.

आम्ही दोघं गाडीत तिची वाट बघत बसलो. बराच वेळ सायमन काचेवरचं धुकं पुसत होता.

"चिडलीय, नाही?"

"चिडणारच."

"तू पाहिलीस तिची रेस?"

"म्हणजे? तू नाही पाहिलीस?"

"मी कसा पाहणार? नजर फिनिशवरून हलवायची नाही, नियम आहे. ती लाइन ओलांडते, तेवढीच दिसते मला." मग माझ्याकडे वळून, "वळणावर कशी दिसते रे ती?"

मी फोनवर शूटिंग केलं होतं. ते लावून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं हातमोजे काढले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. डोंगराच्या टोकावरून एक लाल ठिपका निघाला, मोठा होत गेला. मोठ्या वळणावर तिची एक स्की उचलली गेली, तशी सायमनने माझी बाही घट्ट पकडली.

"पडत नाही ना रे ही?"

निकाल त्यानंच लावला होता.

"नाही रे," मी म्हटलं, "पोचते."