राजवाड्यातल्या दोन बासनांची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ. विघ्नहर्त्यास दंडवत, शारदेस नमस्कार, आणि जुन्या वस्तूंवर बसणारी जी धूळ, जिच्यामुळे वस्तूस मोल आणि व्यापाऱ्यास पोट, तीसही हात जोडून ही हकीकत लिहिली जाते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी उत्तम पडली होती, ते समयी डोंगराच्या पायथ्याशी एक दौलत नांदत होती. दौलतीस फौज नव्हती, खजिना नव्हता, मुलूख म्हणावा तर राजवाड्याचे कुंपण आणि कुंपणाबाहेरचे दोन आंबे, त्यांतल्या एकावर ग्रामपंचायत हक्क सांगे. परंतु राजवाडा मोठा नामी, शिसवी खांब, विलायती झुंबरे, आणि गादीवर श्रीमंत हैबतराव सरकार. नाव हैबतराव, परंतु हैबत राणीसाहेबांची. राणीसाहेब सगुणाबाई मोठ्या घरच्या लेक, बोलणे थोडे, नजर फार.

या घरची रीत ऐसी, की दसऱ्यास दोन मानाच्या वस्तू चौरंगावर मांडून पूजावयाच्या. एक राणीसाहेबांनी माहेराहून आणलेले चांदीचे मोराचे पानदान, आणि दुसरी सरकारांच्या तीर्थरूपांची पितळी दुर्बीण. वर्षभर दोन्ही लाल बासनात बांधून कपाटात असत. मग मागे एके साली सरकारांची मोटार बसली. इंजिन बदलल्याशिवाय हलेना, आणि पुढ्यात सोयऱ्यांकडले लग्न, तेथे रिक्षातून उतरणे म्हणजे सात पिढ्यांचे नाक कापणे. तेव्हा सरकारांनी राणीसाहेबांच्या अपरोक्ष पानदान काढले आणि दूरच्या पेठेतल्या बाळाशेट ओतारी नामे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास विकले, आणि वजन भरावे म्हणोन बासनात मुदपाकखान्यातला वरवंटा बांधून ठेवला. मोटार सुरू जाहली आणि सरकारांची झोप बंद जाहली. दसरा जवळ आला तैसे सरकारांनी फर्माविले, "चांदीला दृष्ट लागते. यापुढे पूजा बासनासकटच व्हावी." राणीसाहेब म्हणाल्या, "बरं." इतक्या लगोलग बरं म्हणाल्या की सरकारांस नवल वाटले, परंतु ज्या चोरास दार उघडे सापडले तो दार कोणी उघडे टाकले हे पुसत नाही. तेव्हापासून दर दसऱ्यास वरवंट्यास हळदकुंकू, वरवंट्यास आरती, आणि सरकार डोळे मिटून उभे. त्याच साली सरकारांचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले होते. डॉक्टरांनी घराण्याकडून एक पैसा घेतला नाही ऐसे राणीसाहेबांनी सांगितले, आणि सरकारांनी "रीतच आहे" म्हणोन मान डोलावली.

ऐसे चालले असता शहरातून वीणाताई सबनीस म्हणोन एक बाई कलासमितीतर्फे वाड्यावर दाखल जाहल्या. बाई चपळ, जिभेवर साखर आणि हातात मोबाईल. त्यांनी अर्ज केला की प्रांतातल्या जुन्या वस्तूंचा आणि चित्रांचा मोठा मेळा भरवणे आहे आणि त्यास हा राजवाडा मिळावा. "सरकार, नुसत्या हॉलमध्ये मजा नाही हो येत. लोकांना राजवाडा बघायचा असतो, आणि राजेही." शेवटचे दोन शब्द ऐकोन सरकार फुलले आणि होकार देऊन बसले. घटकाभर थांबून विचार केला असता तर पुढील संकट टळते, परंतु स्तुतीपुढे भलेभले वितळतात.

मग मेळ्याची तयारी मोहिमेसारखी जाहली. चौकात मांडव पडले आणि दाही दिशांचे व्यापारी टेंपो भरून चालून आले, आणि कोणी दरबारात मोर्चा धरला, कोणी सोप्यात, कोणी उत्तरेच्या ओवरीत, आणि गंजिफा, समया, तैलचित्रे, ग्रामोफोन, पाय मोडक्या खुर्च्या यांची ऐसी गर्दी जाहली की घरची वस्तू कोणती आणि विकावयाची कोणती हे घरच्या मांजरासही कळेना. सरकार जरीचा शेला घेऊन पाहणीस निघाले. आणि दरबारात शिरताच पाय जागीच थिजले. समोर बाळाशेट ओतारी यांचे दुकान, आणि दुकानाच्या मध्यभागी, पांढऱ्या मखमलीवर, पिसारा मिटून मान वळवून बसलेले मोराचे पानदान.

सरकारांनी इकडे तिकडे पाहिले आणि बाळाशेटांस खांबाआड ओढिले. "अहो, हे परमुलखात जाणार होतं ना? तुम्ही आम्हाला शब्द दिला होता." बाळाशेट हात जोडून म्हणाले, "दिला व्हता, सरकार. पर गिऱ्हाईकच घावंना. एक आलं, ते म्हनलं मोराची मान वाकडी हाय. आता हितं आनलं ते म्हनलं, जिथलं तिथं शोभून दिसंल." "शोभून दिसेल! राणीसाहेब पाहतील तर आम्ही कुठे शोभू?" ऐसे म्हणोन सरकारांनी अंगावरचा शेला काढून पानदानावर टाकिला आणि "हात लावू नका" ऐसी ताकीद करोन निघाले. परंतु मनुष्याचा स्वभाव ऐसा की उघडे आहे ते पाहत नाही आणि झाकलेले पाहिल्याशिवाय राहत नाही. घटकेत त्या शेल्याभोवती हीऽ गर्दी, आणि जो तो वाकून कोपरा उचलू पाहतो. सरकारांनी दुरून पाहिले, परत धावले, गर्दी पांगविली, आणि वळतात तो पायऱ्यांवर राणीसाहेब.

मग त्या दिवशी सरकारांच्या पायास विसावा नाही. राणीसाहेब दरबाराकडे चार पावले चालल्या की सरकार आडवे होत आणि म्हणत, "इकडे फार धूळ आहे, सोप्यात चला." राणीसाहेब सोप्यात येत. आणि सरकार दम खाण्यास उत्तरेच्या ओवरीकडे वळले की राणीसाहेब लगबगीने म्हणत, "तिकडं वारं फार आहे, तुमच्या डोळ्यांना बाधेल. दरबारातच बरं." दरबार म्हणताच सरकारांस घाम. ऐसे दोघे खासे सकाळपासोन मांडवातून फेऱ्या घालीत होते, हे त्यांस वळवीत आणि त्या यांस वळवीत, आणि लोक म्हणत, काय जोडा आहे, या वयात एकमेकांस सोडवत नाही. सरकारांस मात्र पानदान गेले याचे दुःख एक, परंतु त्याहून थोरले भय हे, की राणीसाहेबांच्या आईने मरणापूर्वी स्वहस्ते दिलेली वस्तू आपण इंजिनासाठी घालविली, हे कळल्यावर त्या काही बोलणार नाहीत. बोलल्या तर सोसवेल, न बोलल्या तर जन्म काढायचा कैसा? हे एकच शल्य घेऊन सरकार फिरत होते आणि हसत होते.

तो सायंकाळी मेळ्याचे प्रमुख पाहुणे म्हणोन मंत्री आले. तुतारी वाजली, मंत्री दरबारात बैठकीवर बसले, आणि वीणाताईंनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन घोषणा केली, "आता घराण्याच्या ऐतिहासिक मोराच्या पानदानातून मंत्रिमहोदयांना मानाचा विडा!" आणि चाकराने कपाटातील दोन्ही लाल बासने तबकात घालून पुढे आणोन ठेविली. सरकार लगबगीने पुढे जाहले. म्हणाले, "आमच्याकडे बासन सोडत नाहीत. रीत आहे." मंत्री हसोन म्हणाले, "राव, आमच्यासाठी एकदा सोडा की. विडा काय फडक्यातनं देणार?" सभा हसली. सरकारांनी राणीसाहेबांकडे पाहिले. राणीसाहेब उठल्या, पदर सावरला, तबकाजवळ आल्या, आणि वरवंट्याच्या गाठोड्यास हात न लावता दुसऱ्या बासनाची गाठ सोडिली. तीर्थरूप थोरल्या महाराजांची दुर्बीण निघावयाची, ते निघाले लाटणे. पोळ्या लाटायचे, टोकाशी जळलेले लाटणे. राणीसाहेब सरकारांकडे पाहोन, हळू परंतु स्वच्छ बोलल्या, "दुर्बीण मी विकली. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन फुकट नव्हतं झालं. ज्याला विकली त्यानंच आज उत्तरेच्या ओवरीत मांडलीय, सकाळपासून तुम्हाला तिकडं जाऊ देत नव्हते ते त्यासाठी."

सरकारांच्या मस्तकावर वीज पडती तरी इतके न वाटते. ज्या डोळ्यांनी सकाळपासोन चोरी लपविली ते डोळेच राणीसाहेबांच्या पुण्याईने उघडले होते, आणि आपण काय केले, तर मोटार. लाज वाटली, फार वाटली, आणि त्या लाजेनेच हात पुढे केला. सरकारांनी आपल्या हाताने उरलेले बासन सोडिले आणि वरवंटा काढून तबकात लाटण्याशेजारी ठेविला. म्हणाले, "राणीसाहेब, पानदान आम्ही विकलं. डोळ्यांसाठी नाही, औषधासाठी नाही. रिक्षातून उतरायची लाज वाटली म्हणून." राणीसाहेब म्हणाल्या, "ठाऊक आहे." "ठाऊक आहे? कधीपासून?" "पहिल्या दसऱ्यापासून. आईच्या पानदानात चुन्याची डबी सुटी आहे, उचललं की वाजते. त्या दिवशी बासन उचललं आणि वाजलं नाही." "मग तुम्ही बोलला का नाहीत?" "माझ्या बासनात लाटणं होतं. कुठल्या तोंडानं बोलू? आणि तुम्ही कधी काही उचलत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

ऐसे घडत असता बाळाशेट गर्दी फोडून पुढे आले, शेला बाजूस केला आणि पानदान राणीसाहेबांच्या हाती देऊन म्हणाले, "वयनीसाहेब, कार्यापुरतं वापरून घ्या. मग माघारी द्या." राणीसाहेबांनी ते उचलले, आणि आत चुन्याची डबी किणकिण वाजली, आणि त्यांचे डोळे भरले. मग खाली बसोन त्यांनी विडा केला, मंत्र्यास दिला, आणि दुसरा विडा करोन सरकारांपुढे धरिला. सरकारांस घेववेना. "घ्या," राणीसाहेब म्हणाल्या, "रागावले असते तर मोटारीत बसले असते का?" सरकारांनी विडा घेतला आणि तोंडात धरून ठेविला, कारण चावता येईना. राणीसाहेबांनी पदराने पानदान पुसले आणि बाळाशेटांस परत दिले. "मान वाकडी नाही त्याची," म्हणाल्या, "मोर मागं वळून बघतोय. गिऱ्हाइकाला तसं सांगा."

इतक्यात काळा चष्मा लावलेले एक शहरी संग्राहक पुढे सरसावले. या गृहस्थास सर्व प्रकार समितीने योजलेली नवी कलाकृती ऐसा भासला होता. तबकास प्रदक्षिणा घालोन ते वीणाताईंस म्हणाले, "विलक्षण! लाल कापड, वरवंटा, लाटणं. अख्खा संसार मांडलाय. कलाकार कोण? हे मला घ्यायचंय." वीणाताईंची मती क्षणात चालली आणि त्यांनी आशेने सरकारांकडे पाहिले, आणि सरकारांनी, जन्माची खोड, तोंड उघडलेही. परंतु राणीसाहेबांनी तबक उचलून कडेवर घेतले. म्हणाल्या, "ते विकायचं नाही. उद्या चटणी कशानं वाटू?"

येणेप्रमाणे मेळा पार पडला. पानदान एका कुटुंबाने लेकीच्या रुखवतासाठी नेले, दुर्बीण कोणी नेली ते समजले नाही. राजवाड्यातील पुष्कळ वस्तूंस त्या दिवशी भाव आला, आणि न विकण्याजोग्या दोनच निघाल्या. पुढील दसऱ्यास वरवंटा आणि लाटणे चौरंगावर बासनाविना मांडले, आणि श्रीमंत हैबतराव यांनी डोळे उघडे ठेवून आरती केली, आणि आरती झाल्यावर तबक स्वतः उचलून मुदपाकखान्यात नेऊन ठेविले. हकीकत संपली.