चिरविश्रांतीची मुदत

उपनगर चिरविश्रांती प्राधिकरणाच्या नियमांनुसार चिरविश्रांतीचा कमाल कालावधी अठरा महिने आहे. तेवढ्या मुदतीत मृताने माती व्हायचं, उरलेली हाडं नातेवाइकांनी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि कबर पुढच्याला मोकळी करून द्यायची. जागेची टंचाई मेल्यावर तरी संपते असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा अंधेरीत मरून पाहावं. अर्थात या नियमाबद्दल आमच्या गावठाणात कधी कुणाची तक्रार नव्हती. माणसं शिस्तीत मरत होती आणि वेळेत माती होत होती.

घोळ घातला तो कार्ल मिरांडा यांनी. उभ्या आयुष्यात हा माणूस कुठे उशिरा पोचला नव्हता. चर्चची घंटा वाजायच्या आत हे पहिल्या बाकावर हजर. पण अठरा महिने भरल्यावर खणणाऱ्याने कबर उघडली, आत डोकावलं, छातीवर क्रूस काढला आणि मुकाट्याने माती पुन्हा लोटली. कार्लचा मुलगा कॉस्मस तिथेच उभा होता. "अजून आहेत," खणणारा त्याला हळूच म्हणाला. पुढच्या पावसाळ्यानंतर परत उघडली, तरी तेच. सुटाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती म्हणे.

एरवी कॉस्मसने बापाला खुशाल राहू दिलं असतं. पण त्याची आई एलेन आता जायला टेकली होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. फार तर पंधरा दिवस, म्हणाले. तिची इच्छा एकच, नवऱ्याच्या कबरीत नवऱ्याच्या मातीत निजायचं. लग्नातलं लाल लुगडं काढून तिने उशाशी ठेवलं होतं आणि रोज सकाळी डोळे उघडले की ती विचारायची, "तुजा बापूस सरकला का रे?" कॉस्मस म्हणायचा, सरकतोय आय, सरकतोय. आणि बाहेर ओट्यावर येऊन डोळे पुसायचा. आईला आणखी काय सांगणार?

तेवढ्यात नोटीस आली. नाव कार्ल यांचं, पत्ता कबरीचा, प्रत वारसांना. 'विहित मुदतीत विघटन पूर्ण न केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा आपण समक्ष अथवा वारसामार्फत करावा.' समक्ष करावा, हे वाचून कॉस्मसची बायको पेट्रिशिया दोन वेळा हसली आणि मग नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

प्राधिकरणाच्या उपव्यवस्थापक दर्शना मॅडम बोलायला फार गोड होत्या. त्यांनी कॉस्मसला पाणी दिलं, दुःखात सहभागी असल्याचं सांगितलं आणि एका थकबाकीदार मृतामुळे मागची किती मंडळी खोळंबतात तेही समजावलं. कॉस्मस म्हणाला, मॅडम, बाबा मुद्दाम नाही करत हो. त्यावर मॅडमनी मान डोलावली. कुणावर अन्याय नको म्हणून त्यांनी मृदा अभियंता यज्ञेश यांना स्थळपाहणीला पाठवलं.

यज्ञेश हुशार होता, यात शंका नाही. त्याने कबरीतली चिमूटभर माती ओली करून तळव्यावर वळली, तिची वळी केली आणि वळीची चक्क बांगडी करून दाखवली. न मोडता बांगडी होते म्हणजे अस्सल चिकणमाती, तो म्हणाला. मग त्याची कळीच खुलली. चिकणमातीचे कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही नीट दिसत नाहीत. प्रत्येक कण म्हणजे पापडांची चळत. त्या पापडांच्या मध्ये पाणी शिरतं, कणांवरच्या विद्युतभाराने तिथेच धरून ठेवलं जातं, माती फुगते, फटी बुजतात. फटी बुजल्या की हवा बंद. हवा नाही, तर माणसाची माती करणारे जीवजंतू जगणार कसे? थोडक्यात, तुमच्या वडिलांना आम्ही पॅक केलंय, असं तो मोठ्या कौतुकाने म्हणाला.

कॉस्मसच्या जिवात जीव आला. "म्हणजे दोष मातीचा."

"छे छे," यज्ञेश दचकलाच. "माती तिच्या गुणधर्मांप्रमाणे वागतेय ना. पाणी धरतेय, फुगतेय, हवा अडवतेय. तिचं काम ती चोख करतेय. तुमचे वडीलच करत नाहीयेत."

तसाच अहवाल गेला. आता कॉस्मसचं डोकं फिरलं. त्याला आठवत होती ती या सिमेटरीतली लाल, भुसभुशीत माती; बादली उपडी करावी तर पाणी बघता बघता खाली जायचं. ती गेली कुठे? चौकशी केल्यावर कळलं की कार्ल जायच्या आदल्या वर्षी सुशोभीकरण झालं होतं. त्यात जुनी माती 'वापरलेली' ठरवून नितेश नावाच्या कंत्राटदाराने उचलून नेली आणि तिच्या जागी खाडीकाठच्या एका टॉवरच्या बेसमेंटमधून निघालेली काळी चिकणमाती आणून ओतली. वर हिरवळ, कडेला दिवे. उद्घाटनाला अख्खं गावठाण गेलं होतं. कॉस्मसही गेला होता आणि दिवे लागल्यावर टाळ्या वाजवून आला होता. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, निविदेत 'माती' एवढंच लिहिलंय आणि ही मातीच आहे.

तरी सुनावणीचा निकाल माणुसकीला धरून लागला. मृताचं पूर्वचारित्र्य चांगलं असल्यामुळे त्यांना समज देऊन सोडण्यात आलं. वारसांनी स्वखर्चाने कबरीत योग्य माती भरावी, विघटन पूर्ण होताच एलेनबाईंना प्रवेश मिळेल. माती लाल असावी, निचऱ्याची असावी आणि तिला दफनकामाचा किमान पन्नास वर्षांचा अनुभव असावा.

"मॅडम, मातीला अनुभव कुठून आणू?" कॉस्मसने विचारलं.

"अनुभवाची अट सगळ्याच कामांना असते," मॅडम म्हणाल्या. "नवख्या मातीच्या हातात माणूस कसा देणार आम्ही?"

कॉस्मसने उपनगरं पालथी घातली. कोकणातून आलेली लाल माती ट्रकच्या ट्रक मिळत होती, पण सगळी फ्रेशर. अखेर पेट्रिशियाला मोबाइलवर एक दुकान सापडलं. काचेच्या दारामागे, एसीत, सुती पिशव्यांत बांधलेली 'वारसा माती' मांडून ठेवली होती आणि गल्ल्यावर स्वतः नितेश बसला होता. कंत्राटदारी सोडून आता तो पर्यावरणात उतरला होता.

"शंभर वर्षं मुरलेली माती आहे, अंकल," नितेश म्हणाला. "केमिकलचं नाव नको. आणि कॅल्शियम एवढं की टोमॅटोला डाग पडायचा नाही."

कॉस्मसने पिशवीत हात घातला. मूठ उघडली तर तळव्यावर मातीबरोबर रोझरीच्या जपमाळेचा एक मणी. त्याने तो नितेशपुढे धरला. नितेश म्हणाला, हां, कधी कधी असं काहीतरी निघतं, त्याचे आपण एक्स्ट्रा लावत नाही. अनुभवाचा छापील दाखला मात्र त्याने तत्परतेने दिला. माती दोनच पिशव्या उरली होती. बाकीची ओशिवऱ्यापासून मुलुंडपर्यंतच्या टॉवरवाल्यांनी कधीच उचलली होती.

कॉस्मसने पिशव्या घरी आणून आईच्या खाटेशी ठेवल्या. एलेनने आत हात खुपसला, माती नाकाशी नेली आणि तिचा चेहराच बदलला. "ही आपलीच रे," ती म्हणाली. "माजी सासू असंल, नायतर तुजी थोरली आते. आनि बाकीची माती खय?"

लोकांच्या कुंड्यांत, कॉस्मसने सांगितलं. एलेनने लुगडं पुन्हा घडी घालून उशाशी ठेवलं. "मंग मी थांबते," म्हणाली.

आणि खरंच थांबली. डॉक्टरांचे पंधरा दिवस कधीच उलटले. मुदत न पाळणं हे आता त्या घराण्याच्या रक्तातच दिसतं. दोन पिशव्यांनी कबर भरत नाही म्हणून फाइल 'मातीअभावी प्रलंबित' आहे. नियोजित वेळेत निधन न झाल्याने कबरीसाठीची आपली नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस एलेनबाईंनाही परवा आली.

आता तुम्ही हळहळाल, प्राधिकरणाला शिव्या घालाल, नितेशच्या नावाने बोटं मोडाल. खुशाल मोडा. मग जरा बाल्कनीत जा. तुम्ही हौसेने मागवलेली ती लाल माती आठवते ना, जिच्यात मोगरा असा फुलला की शेजारीण फोटो काढून गेली? त्या कुंडीत बोट घालून पाहा, किती भुसभुशीत आहे. दफनाला येणाऱ्या प्रत्येकाने शवपेटीवर मूठभर माती टाकायची, अशी आमच्या गावठाणातली रीत आहे. एलेनबाई तेवढ्यासाठी अडून बसल्या आहेत. कुंडी कधी रिकामी करताय? अठरा महिने तर तुमचेही होऊन गेले.