राहत्या घराचा पुरावा

सरकारी माणूस घर बघायला येणार असं कळलं, तेव्हा रंगाऱ्याने एकच ठरवलं: भिंतींना एक हात मारून घ्यायचा. एवढंच. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. पण काही माणसांनी चांगलं चिंतलं की घरचे देव पाण्यात घालून बसतात, आणि हा रंगारी त्यातलाच.

बायको मशीनवर बसली होती. पायडलवरचा पाय थांबवून ती म्हणाली, "अहो, ते भिंती बघायला येत नाहीयेत. आपण इथे राहतो की नाही, ते बघायला येतायत."

"मग राहणाऱ्याने घर कसं ठेवलंय ते नाही बघणार?"

"तुम्हाला बक्षीस द्यायचं नाहीये त्यांना. अनुदान द्यायचंय."

"दोन्हीला घर नीटच लागतं," असं म्हणून रंगाऱ्याने डब्याचं झाकण उघडलं. (झाकण उघडलेल्या रंगाऱ्याशी वाद घालू नये. रंग वाळेपर्यंत तो ऐकत नाही आणि वाळल्यावर त्याला पटत नाही.)

आता अनुदान काय ते सांगते. ज्याच्या नावावर जन्मात कधी घर झालं नाही, त्याने पहिलं घर घेतलं तर सरकार पैशाची मदत करणार होतं. घर बाईच्या नावावर असेल तर जरा जास्त. म्हणून कागदावर बायकोचं नाव लागलं. कर्जाचा मोठा तुकडा त्या मदतीने तुटायचा होता. ती आली नाही तर हप्ता झेपणार नव्हता, आणि हप्ता झेपला नाही तर घर बँकेचं. अट साधी होती: त्या घरात नवरा-बायकोने स्वतः राहायचं. कुलूप घालून ठेवायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, भाव चढला म्हणून विकून टाकायचं नाही. पण जगात शहाणे काय कमी आहेत? अनुदान खिशात घालून घरात तिसऱ्यालाच ठेवणारे निघाले, म्हणून सरकारने पाहणी सुरू केली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

रंगारी लबाड नव्हता. तो त्याच घरात राहत होता. फक्त राहण्याची त्याची रीत वेगळी होती.

त्याचा धंदाच तसा. एक भाडेकरू खोली सोडून गेला की दुसरा येण्याआधी मालक लोक रंगाऱ्याला बोलवायचे. खिळ्यांच्या भोकांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिशपेपर घासायचा, तेलकट डागावर दोन हात द्यायचे. त्या खोलीत कुणी जेवलं, भांडलं, बाळंत झालं, याची खूण उरली नाही पाहिजे. उरली तर मजुरी कापली जायची. आणि स्वतः रंगारी कुठे राहायचा? तोही भाड्यानेच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. खोली सोडायच्या दिवशी मालक भिंतीवरून बोट फिरवत जायचा आणि हा मागून मान खाली घालून चालायचा, शाळेत मार खायला निघाल्यासारखा.

असा माणूस स्वतःच्या घरात आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "खिळा ठोकायचा नाही." मग म्हणाला, भिंतीला डोकं टेकून बसायचं नाही, केसांचं तेल लागतं. मग म्हणाला, तळायचं नाही. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक काढायचं नाही. स्वतः तर तो सोफ्यावरही बसायचा नाही, दाराशी रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचा. संध्याकाळी कामावरून आला की चपला काढायच्या आधी भिंतीवरून बोट फिरवायचा.

एकदा बायको म्हणाली, "मी म्हणत होते मालकाच्या तावडीतून सुटलो. तर तो तुमच्या तोंडात येऊन बसलाय."

रंगारी हसला. बायको हसली नाही. (इथेच त्याने डोकं चालवायला हवं होतं. पण ब्रश हातात असला की त्याचं डोकं खुंटीला.)

पाहणीला आल्या त्या एक तरुण मॅडम. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल. दारात पाय ठेवताना आधारासाठी त्यांनी चौकटीला हात लावला आणि पंजा पांढरा करून घेतला.

"रंग ओला आहे?"

"खास तुमच्यासाठी मारला, मॅडम!" रंगारी छाती फुगवून म्हणाला.

मॅडमनी पंजाकडे पाहिलं, मग भिंतींकडे. प्लास्टिकमधला सोफा पाहिला. बाथरूममध्ये डोकावल्या, फरशी कोरडी ठणठणीत, बादली पालथी. (सकाळी तिघांच्या अंघोळी होऊन पोरगी शाळेत गेल्यावर रंगाऱ्याने ती फडक्याने पुसून काढली होती.) स्वयंपाकघरात शेगडीच्या नळीवर कंपनीची चिठ्ठी तशीच.

"घर विकायला काढलंय का?" मॅडमनी विचारलं.

"विकायला? अहो, राहतो आम्ही!"

"कुठे?"

"म्हणजे काय? इथेच!"

"काका, मी रोज राहती घरं बघते. राहत्या घरात शिरलं की कळतं. इथे वास फक्त रंगाचा येतोय. बरं, एक सांगा. कोणत्या नळाचं पाणी बारीक येतं?"

रंगाऱ्याला सांगता येईना. तो नळाला हातच लावत नसे, चकाकी जाते म्हणून. "ते माहीत नाही. पण खिडकीखाली तिसऱ्या फरशीला केसाएवढी चीर आहे, बिल्डरचं काम. कोपऱ्यातलं प्लास्टर जरा फुगलंय. पलीकडची भिंत—"

"हे सगळं घर विकणाऱ्याला माहीत असतं," मॅडम म्हणाल्या. "राहणाऱ्याला नाही."

आणि त्यांनी मोबाइलवर काहीतरी टिपायला घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. याने तर हात मारून अवलक्षण केलं होतं.

तेव्हा बायको पुढे आली.

"ताई, टिपू नका अजून. इकडे या."

ती मॅडमना शेगडीपाशी घेऊन गेली. मागच्या भिंतीवर ओट्याला टेकणारं लांब कॅलेंडर होतं; काढताना रंगाचा पापुद्रा निघेल म्हणून रंगाऱ्याने त्याच्या कडेकडेनेच हात मारला होता.

"ते चिकटपट्टीने लावलंय," रंगारी घाईघाईने म्हणाला. "आमच्या घरात खिळा नाही."

बायकोने कॅलेंडर उचललं. खाली खिळा होता. खिळ्याच्या भोवती आधीच्या प्रयत्नांची भोकं होती, चाळणीसारखी. आणि त्यांच्याखाली तेलाचा पिवळा फराटा वरपासून ओट्यापर्यंत.

"हा खिळा कुणी ठोकला?" रंगारी ओरडला.

मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत नाही?"

"छे! मी ठोकूच देत नाही!"

"तुम्ही जरा गप्प बसता का?" बायको म्हणाली. "ताई, हे कामावर गेले की मी तळते. खिडकी उघडी टाकते, यांच्या येण्याआधी ओटा पुसते. शेगडीची चिठ्ठीही मीच पुन्हा चिकटवते. खाण्याजोगं खायचं तर चोरून खावं लागतं माझ्या घरात."

"म्हणजे परवाच्या त्या वड्या..." रंगारी पुटपुटला.

"तळलेल्याच होत्या. उकडलेल्या म्हणून चाटून-पुसून खाल्ल्यात."

मॅडमनी फराट्याचा फोटो घेतला. बायकोला जोर चढला. तिने मशीनखालची सतरंजी ओढली. खाली तेलाचे काळे ठिपके आणि एक फुटलेली फरशी.

"इस्त्री पडली हातातून."

"कधी?" रंगाऱ्याचा आवाज चिरका झाला.

"राहायला आलो त्याच आठवड्यात. तुम्ही रोज सतरंजी झटकायला सांगत होता, मी रोज 'झटकली' म्हणत होते."

आता रंगाऱ्याची अवस्था बघण्यासारखी झाली होती. एकेक डाग निघाला की घर वाचत होतं, आणि एकेक डाग निघाला की त्याचा जीव जात होता. प्रत्येक वेळी मॅडम त्याच्याकडे बघून विचारायच्या, "हे तुमच्या घरातलंच ना?" आणि याने "हो" म्हणायचं सोडून सवयीने म्हणायचं, "शक्य नाही!" बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

मग तिने कपाटाचं दार उघडून कपडे बाजूला सारले. कपाट भिंतीतलं होतं; आतली भिंत रंगीत खडूंनी भरली होती. पोरीचं काम. शाळेतून आली की ती कपाटात बसून चित्रं काढायची, बाहेरची भिंत बाबांची म्हणून. आत एक मोठं घर काढलं होतं. घरात मशीनवर आई, खिडकीत वेण्या घातलेली ती स्वतः, ओट्यावर वाफा निघणारी कढई. घराच्या बाहेर, दारापाशी, हातात ब्रश घेतलेला एक माणूस.

"हे बाहेर कोण?" मॅडमनी विचारलं.

"हे," बायकोने हनुवटीने दाखवलं. "भिंत पुसतायत."

रंगारी चित्राजवळ वाकला. कुठली तरी चूक शोधायला वाकला असेल असं बायकोला वाटलं, म्हणून ती कमरेवर हात ठेवून तयार राहिली. पण त्याची नजर दाराबाहेरच्या माणसावरच अडकली. आजवर त्याने कितीतरी परक्या भिंतींवरची अशी चित्रं बुजवली होती. कधी बोटाने खरवडून, कधी दोन हात देऊन. त्या पोरांनी घरात कुणाला काढलं होतं आणि कुणाला बाहेर, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. काम पटकन उरकायचं असे.

"हे राहू दे," तो हळूच म्हणाला.

"मी कुठे पुसतेय?" बायको म्हणाली. तिचा आवाज मात्र उतरला होता.

मॅडमनी चित्राचा फोटो घेतला, जरा जास्तच वेळ लावून. "ताई, तुम्ही आणि मुलगी इथे राहता, यात मला शंका नाही. पण नियम नवरा-बायको दोघांचा आहे. काकांचं काय?"

"काय म्हणजे?"

"काका इथे राहतात याची एखादी खूण? रोजची बसायची जागा, उशीचा डाग, काहीही."

बायकोने घरभर पाहिलं. मशीन तिची, ओटा तिचा, कपाट पोरीचं. उशी तो गुंडाळून ट्रंकेत ठेवायचा. साबण पुसून डबीत. डबा होता दाराशी, पण रंगाचा डबा काय, कुठल्याही रंगाऱ्याचा असतो. आधी वैतागून, मग घाबरून तिने नवऱ्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, आणि घरात कुठेच उमटला नव्हता.

"यांची काही खूण नाही हो," ती म्हणाली. "हे नुसतेच राहतात."

"मग यांचं काय लिहू?"

"पाहुणे लिहा."

"पाहुण्याला अनुदान नाही, ताई."

रंगारी मध्ये उभा होता. त्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटली, आणि ती भिंतीची नव्हती. "मॅडम, मी राहतो हो," तो म्हणाला. "देवाशपथ राहतो. मला दुसरीकडे कुठे कोण ठेवून घेणार?"

"ते खरं आहे," बायको म्हणाली.

"बसा आधी," मॅडम म्हणाल्या. "चहा घेऊ, मग बघू काय करता येतं."

बायकोने चहा टाकला, कपात गाळला. कधी नव्हे ते सोफ्यावर बस म्हणून नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. रंगारी गेला, कप हातात घेतला, आणि पाहुणा नसून घरचाच आहे हे दाखवायला जरा ऐसपैस, पाय पसरून, मागे रेलून बसायला गेला. पण प्लास्टिकला काय माहीत तो घरचा? माणूस घसरला तो सरळ फरशीवर, आणि चहा गेला वर. ताज्या पांढऱ्या भिंतीवर हा भलामोठा तांबूस पसारा उमटला, ओघळ खाली येत येत.

मग रंगारी पडल्या जागेवरून फडक्यासाठी झेपावला.

"खबरदार हात लावलात तर!" बायको अशी ओरडली की फडकं त्याच्या हातातून गळून पडलं. "ताई, काढा, काढा. ही यांची खूण. आत्ताच झालीय, अजून गरम आहे."

मॅडमनी ओठ दाबून मोबाइल वर केला. "काका, शेजारी उभे राहा. तुमची आहे हे दिसलं पाहिजे."

आणि रंगाऱ्याने ओल्या हाताने केस नीट केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, नि डागाच्या शेजारी असा ताठ उभा राहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच एखादी भिंत त्याने धड रंगवली होती.