एकशे सत्तरवर अर्धा तास

पाहुणा घरात आला की आधी पाणी मागतो. परबदादा प्लग मागतात. दर शुक्रवारी दुपारी ते इथे बहारीनमध्ये, सनाबिसला आमच्याकडे चहाला येतात, खिशातून व्होल्टेज मोजायचा मीटर काढतात, त्याच्या दोन पिना सॉकेटमध्ये खुपसतात आणि "दोनशे तीस. बेस!" म्हणून मगच सोफ्यावर टेकतात.

अठरा वर्षं ते सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये जळलेल्या मोटरी वाइंड करतायत. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ कमी व्होल्टेज, असा त्यांचा ठाम विश्वास. "व्होल्टेज पडला काय करंट चढता, नि करंट चढलो काय बिल चढता," हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आमच्या वॉशिंग मशीनची लांबलचक बारीक वायर बघून तर ते कळवळलेच. "ही सुतळी काढ आधी! व्होल्टेज वाटेतच खाता ती. मोटर धापा टाकता नि बिल तू भरतंस. खलास!" वायर बदलून झाल्यावरच त्यांनी बशीतल्या खारीला हात लावला.

साडेचार वाजले की कुडाळजवळच्या त्यांच्या गावी फोन, तोही स्पीकरवर. तिकडे तेव्हा सात वाजतात, विहिरीवरचा पंप लावायची वेळ. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. थेट, "मीटर किती दाखवता गो?"

"एकशे सत्तर," सुनंदावहिनी सांगतात.

"मगे मोटर लावू नको, जळतली. थांब अर्धो तास."

तो अर्धा तास भरायचा म्हणून मग आंब्याचा मोहर, गाईचं वासरू, शेजारणीचं भांडण, सगळं निघतं. एरवी कामाशिवाय फोनवर बोलणं ही दादांच्या लेखी शुद्ध नासाडी.

मी सुट्टीवर निघालो तेव्हा म्हटलं, "दादा, वहिनींना एक स्टॅबिलायझर नेतो. रोजची कटकट मिटेल."

"नको, नको! बॅगेत वजन होता," ते घाईघाईनं म्हणाले. या माणसाला स्टॅबिलायझर नको, याचं मला नवल वाटलं.

त्यांच्या घरी गेलो तर मीटरवर दोनशे तीस! मी बघतच राहिलो. वहिनी ओशाळल्या.

"नवो ट्रान्सफॉर्मर इलो, वर्ष झाला. पण ह्यांका सांगू नकात हां. बरा आसा असा सांगलंय तर 'मगे लाव मोटर' म्हणान फोन ठेवतले."

परत आल्यावर दादांनी विचारलंच, "मीटर बघितलंस?"

"एकशे सत्तर," मी ठोकून दिलं.

ते हसले. "तुका खोटा बोलूक येणा नाय. फोनात पाठी पंख्याचो आवाज येता. एकशे सत्तरार पंखो असो फिरणा नाय. वर्षभर ऐकतंय मी."

"मग वहिनींना सांगत का नाही?"

"सांगलंय तर ती मोटर लावूक जातली."

मी काही बोलणार, तोवर साडेचार वाजले आणि त्यांनी फोन लावला.

"मीटर किती दाखवता गो?"

"एकशे सत्तर."

"अरे देवा!" मोटरींची नस न् नस ओळखणारा तो माणूस काळजीच्या सुरात म्हणाला. "मगे थांब अर्धो तास." आणि खुर्ची घेऊन गॅलरीत गेला. मी त्यांचा चहा झाकून ठेवला.