गिझरने रंगवलेले केस

निरीक्षकांनी न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला आणि बादलीत जे पडू लागले ते पाणी की पातळ चहा, हे ठरवायला त्यांना चष्मा आणावा लागला. चष्मा लावल्यावरही चहाच वाटला. त्यांनी गार पाण्याचा नळ सोडला. ते स्वच्छ होते. पुन्हा गरम सोडला, लालसर. एका पेल्यात हे, एका पेल्यात ते, असे दोन पेले भरून त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि सुनेला हाक मारली.

वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसायची, आणि चौतीस वर्षांत त्यांनी एकाही दुकानदाराला ‘या वेळी जाऊ दे’ म्हटले नव्हते. नोकरी संपली तरी लोक त्यांना निरीक्षकच म्हणत. बाबा म्हणणारी घरात एक सून. मुलगा कामापायी महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा, त्यामुळे घरातल्या बिघाडांचा निकाल या दोघांनाच लावावा लागे, आणि तो सहसा लागत नसे.

"गार साफ आहे, गरमच लाल आहे. म्हणजे गिझरच बिघडलाय," सून पेल्यांकडे बघून म्हणाली. "मी प्लंबरला बोलावते. तोवर मी गॅसवर पाणी तापवून देत जाईन."

"वास येतोय का?"

"वास नाही. तळाला गाळ आहे थोडा."

"मग ते लोखंड आहे. लोखंडासाठी लोक डॉक्टरकडून गोळ्या लिहून घेतात. मला नळातून येतंय."

सुनेने प्लंबरला फोन केला. तो उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो उद्याच येतो म्हणाला, आणि पुढे अडीच आठवडे त्याने आपला शब्द जराही फिरवला नाही.

तोवर निरीक्षकांनी स्वतःच्या डोक्याने एक उपाय केला. पाणी नीट तापत नाही म्हणून खराब होत असावे, असा तर्क करून त्यांनी गिझरचे बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवले. पाण्याचा रंग आणखी गडद झाला. न्हाणीघरातला दिवा पिवळा, चष्मा बाहेर कपाटावर. त्यामुळे तो गडद झाल्याचे त्यांना कळले नाही. शिवाय निवृत्तांच्या मंडळाची निवडणूक जवळ आली होती. निरीक्षक अध्यक्षपदाला उभे होते आणि एरवी आठवड्यातून दोनदा होणारे डोके धुणे आता रोज होऊ लागले होते.

त्यांचे केस हा त्यांचा खरा जाहीरनामा होता. दाट, पांढरेशुभ्र, मागे वळवलेले. त्यांच्या विरोधात टेलरमास्तर उभे होते. मास्तर वयाने त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, पण केस कोळशासारखे काळे. सगळ्यांना सगळे माहीत होते आणि कोणी कधी काही बोलत नव्हते. महिन्याभरापूर्वीच्या सभेत मात्र निरीक्षक उभे राहिले आणि कोणाचेही नाव न घेता म्हणाले, "ज्याला स्वतःचं वय कबूल नाही, त्यानं ज्येष्ठांचं अध्यक्ष व्हायला जाऊ नये." सभेत हशा पिकला. मास्तरांनी मान खाली घालून आपल्या सदऱ्याचा एक सैल धागा शोधून काढला आणि सभा संपेपर्यंत तो बोटाभोवती गुंडाळत राहिले.

निवडणुकीला आठ दिवस उरले असताना निरीक्षक पत्रकासाठी फोटो काढायला गेले. फोटोग्राफरने त्यांची हनुवटी वर केली, मान किंचित वळवली, दिवा जवळ आणला आणि मनापासून म्हणाला, "काका, रंग छान बसलाय."

"कसला रंग?"

"केसांचा. वयाला शोभतो. अगदी काळा केला की मेला वाईट दिसतो."

निरीक्षक फोटो न काढताच घरी आले. सुनेने त्यांना गॅलरीतल्या उन्हात उभे केले, एकदा पुढून बघितले, एकदा मागून बघितले.

"बाबा, तांब्याचा हंडा घासल्यावर जसा दिसतो ना, तसं झालंय."

"सगळं?"

"कानावर जरा कमी आहे."

त्यांनी आरशात बघून खात्री करून घेतली. टोपी घालून जावे असे सुनेने सुचवले. पण जन्मात टोपी न घातलेला माणूस निवडणुकीच्या आठवड्यात टोपी घालून आला, तर टोपीखाली काय आहे हे आधी विचारले जाईल, हे त्यांच्यातल्या निरीक्षकाला कळत होते. ते उघड्या डोक्यानेच बागेतल्या बैठकीला गेले.

तिथे पहिली पाच मिनिटे हवापाण्याच्या गप्पा झाल्या. कोणी त्यांच्या डोक्याकडे बघत नव्हते, आणि तेही इतक्या एकमताने की निरीक्षकांनाच राहवेना.

"हे गिझरमुळे झालंय," ते म्हणाले.

निवृत्त पोस्टमास्तर त्यांचे सूचक होते. ते हळूच म्हणाले, "काय झालंय?"

"केस. आमच्या गिझरमधून गंजाचं पाणी येतंय. तीन आठवडे मी त्यानंच डोकं धुतलं."

आधी एक जण खोकला. मग दुसरा खोकला. निवृत्त मेट्रनबाईंनी पदराने तोंड पुसले. टेलरमास्तर मात्र हसले नाहीत. ते निरीक्षकांच्या केसांकडे कापडाचा पोत पाहावा तसे बघत होते.

"गिझरनं इतका सारखा रंग येत नाही," ते म्हणाले.

"उद्या सकाळी नऊ वाजता माझ्या घरी या," निरीक्षक म्हणाले. "सगळे या. नळ सोडून दाखवतो. डोळ्यांनी बघा आणि मग बोला."

दुसऱ्या दिवशी आठला ते मंडळींना आणायला स्वतः बागेकडे निघाले. जाताना सुनेला नुसते म्हणाले, "चार माणसं येतील. चहा टाक." कशासाठी येणार, ते सांगायचे राहून गेले. ते कोपऱ्यावर वळले असतील नसतील, तोच दारात प्लंबर उभा. अडीच आठवड्यांनी उगवलेला प्लंबर पुन्हा मावळू नये म्हणून सुनेने त्याला चपला काढायच्या आत न्हाणीघरात नेले. त्याने गिझर बंद केला, टाकी रिकामी केली, तळाचा गाळ धुऊन काढला, आतला झिजून काडी झालेला रॉड उपसला आणि नवा बसवला. "टाकीच्या वाटचा गंज हा रॉड खातो," तो म्हणाला. "तो संपला की टाकी गंजायला लागते. अजून टाकी धड आहे, नशीब समजा. वर्षातून एकदा गाळ काढत जा, आणि बटण एवढं शेवटपर्यंत फिरवू नका." जुना रॉड पिशवीत टाकून तो गेला. सुनेने नळ सोडून बघितला. पाणी काचेसारखे. तिने समाधानाने चहाचे आधण ठेवले.

नऊला निरीक्षक, पोस्टमास्तर, मेट्रनबाई आणि टेलरमास्तर घरात आले. निरीक्षकांनी कोणाला बसूही दिले नाही. सगळ्यांना न्हाणीघराच्या दाराशी उभे केले, काचेचा पेला घेतला, तो सर्वांना रिकामा दाखवला आणि नळ सोडला.

पेला भरला. निरीक्षकांनी तो उजेडात धरला. पेल्यातून पलीकडचे पोस्टमास्तर स्पष्ट दिसत होते.

"थोडं वाहू द्या," निरीक्षक म्हणाले. थोडे वाहू दिले. बादली भरली. बादलीच्या तळाची कंपनीची अक्षरे वाचता येत होती.

"आहा, ते दुरुस्त झालं बाबा," सून स्वयंपाकघरातून आनंदाने म्हणाली. "तुम्ही गेलात आणि प्लंबर आला. आत्ताच गेला तो."

"आत्ताच," टेलरमास्तर म्हणाले.

"पंधरा मिनिटं झाली असतील."

"योगायोग," मेट्रनबाई म्हणाल्या.

सुनेला प्रकार कळायला दोन मिनिटे लागली. कळल्यावर तिने सासऱ्यांची बाजू सावरायला जे सुचले ते केले. आत जाऊन त्यांचा टॉवेल आणला. त्यावर तपकिरी डाग होते. "हे बघा, हा पुरावा," ती म्हणाली.

टेलरमास्तरांनी टॉवेल हातात घेतला, डागावरून अंगठा फिरवला आणि उजेडात धरून बघितला. "हा केसांच्या रंगाचाच डाग," ते म्हणाले. "कडा बघा ना, कशा पसरल्यात. माझ्याकडे असे सहा टॉवेल आहेत."

हे बोलल्यावर ते थांबले, आणि कोणीच काही विचारले नाही.

निरीक्षकांनी प्लंबरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. "आमच्या गिझरचं पाणी लाल येत होतं की नाही, ते जरा सांग."

"सांगतो की साहेब," प्लंबर म्हणाला. मागे कुठेतरी हातोडी चालू होती. "कोणाला सांगायचंय? तुम्ही म्हणाल तसं सांगतो."

निरीक्षकांनी फोन बंद केला. चहा पिऊन मंडळी गेली. जाताना मेट्रनबाई सुनेच्या कानाशी लागून म्हणाल्या, "शेड छान आहे गं. पण त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी कानावर पण लावा."

त्या दुपारी पोस्टमास्तर एकटेच परत आले. "मी तुमचा सूचक आहे," ते म्हणाले. "मला तरी खरं सांगा. लोकांना केसांचं काही नाही हो. तुम्ही गिझरवर ढकलताय, ते त्यांना लागलंय."

"मी खरंच सांगतोय."

पोस्टमास्तर मान हलवत निघून गेले. चौतीस वर्षे दुकानदार निरीक्षकांसमोर उभे राहून ‘साहेब, खरं सांगतो’ म्हणत आले होते. त्यांतले काही जण खरेच खरे सांगत असतील, हा विचार त्या दिवशी त्यांच्या मनात पहिल्यांदा आला आणि जेवताना घास घोळत राहिला. अर्ज मागे घ्यावा, असे त्यांनी ठरवले. तसे पत्रही लिहिले.

पत्र पाकिटात घालायच्या आत टेलरमास्तर आले. हातात एक कागदी पुडके होते. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि सून आत जाईपर्यंत गप्प राहिले.

"अकरा वर्षं लावतोय मी," ते म्हणाले. "ही गेल्यावर सुरू केलं. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, मास्तर, डोळ्यांना दिसतं ना नीट, माप चुकणार नाही ना. म्हणून लावायला लागलो. दर दुसऱ्या रविवारी दाराला कडी घालून. घरात मुलाला माहीत आहे, पण तो माहीत नसल्यासारखं करतो."

निरीक्षकांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्ही सभेत बोललात त्या दिवशी वाटलं, आता बागेत यायचंच नाही. आणि मग काल तुमचं डोकं बघितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. जीव हलका झाला. म्हटलं, हा एवढा कडक माणूस, यालाही वाटतंच की." मास्तरांनी पुडके टेबलावर सरकवले. "तुमचा थोडा भडक बसलाय. पहिल्या वेळी होतं असं. यातला लावा, निवळेल."

टेबलावर अर्ज मागे घेण्याचे पत्र होते, त्याच्या बाजूला पुडके होते. निरीक्षकांना एक वाक्य फक्त परत एकदा म्हणायचे होते, की हे गिझरमुळे झाले. ते वाक्य शंभर टक्के खरे होते. त्यांनी मास्तरांकडे बघितले. मास्तर त्यांच्या केसांकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कानावर लावायचं राहून गेलं," निरीक्षक म्हणाले.

मास्तरांचे खांदे खाली आले. "राहतंच," ते म्हणाले. "मागून आपला आपल्याला हात पोचत नाही."

निरीक्षकांनी ते सभेतले बोलणे मागे घेतले. मास्तर म्हणाले, जाऊ द्या. मग मास्तरांनी सांगितले की ते स्वतःच अर्ज मागे घेत आहेत. त्यांना अध्यक्ष व्हायचे नव्हतेच, त्या वाक्यामुळे ते इरेला पेटले होते. निरीक्षकांनी आपले पत्र हळूच वर्तमानपत्राखाली सरकवले.

शनिवारी ते बिनविरोध निवडून आले. सभेत त्यांनी उभे राहून, "मी केस रंगवतो," एवढेच सांगितले आणि त्यांना टाळ्या मिळाल्या. पोस्टमास्तरांनी तर उठून हात हातात घेतला. सून मागच्या बाकावर बसली होती. काहीतरी सांगावे म्हणून ती अर्धवट उठली, पण मेट्रनबाईंनी तिला दंडाला धरून बसवले. "बोलू दे गं त्यांना," त्या म्हणाल्या. "किती दिवस मनात ठेवलं असेल."

महिन्याभराने केसांची मुळे पांढरी दिसू लागली. आता नळाला पाणी स्वच्छ येत होते, त्यामुळे पुढचे सगळे हातानेच करावे लागणार होते. रविवारी सकाळी टेलरमास्तर आले. त्यांनी निरीक्षकांच्या खांद्यावर जुना टॉवेल पसरला, दोन वाट्या काढल्या, ब्रश ओला केला. दाराला कडी घातली नाही.

"काळा करू का या वेळी?" मास्तरांनी विचारले. "भडकपणा झाकला जाईल."

"नको," निरीक्षक म्हणाले. "तांबूसच ठेवा. अध्यक्ष झाल्याबरोबर रंग बदलला म्हणतील."