ताटातल्या दोनशे गोळ्या

जरा इकडं सरकून बसा, पंख्याचं वारं तुम्हाला पण लागू दे. गोष्ट सांगतो ती बंदुकीची आहे, पण घाबरू नका, हिच्यात कोणी मरत नाही. जो मेला तो गोष्ट सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीच मेलाय. त्याचं नाव मितेश. सगळं त्याच्यामुळं झालं, आणि त्याची त्यात काडीची चूक नव्हती.

घोडबंदर रोडला परशुराम राहतो. आधी मिठागरावर राबायचा. मग जमीन बिल्डरला गेली आणि माणूस बाविसाव्या मजल्यावर गेला. घरात बायको शकू आणि पोरगी कल्पिता. कल्पिता रायफल मारते. छोटी रायफल, टू-टू म्हणतात तिला. गोळी म्हणाल तर करंगळीच्या पेराएवढी. पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची, एवढंच काम. पण त्या भोकांवर पोरीची नोकरी टांगलेली. राज्याच्या टीममध्ये नाव लागलं तर पोलिसात खेळाडूंच्या जागेवर घेणार, आणि वयाची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सिलेक्शनची मॅच ही शेवटची. साठ गोळ्या, एकीला जास्तीत जास्त दहा मार्क. पाचशे ऐंशी झाले की पोरगी वर्दीत.

आता ह्या गोळ्यांचं असं असतं, की रायफलीला सगळ्याच मानवत नाहीत. कल्पिताने सहा महिने वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांच्या, मारून बघितल्या. एक लॉट असा लागला, की पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक. त्याच्या शंभर शिल्लक होत्या, दोन डब्या, जपून ठेवलेल्या. आणखी दोन डब्या सरावाच्या. कंपनी तीच, पण माल हलका. एक वर जाते, एक खाली, आणि मधूनच एखादी सुटतच नाही. दिसायला मात्र सगळ्या जुळ्या बहिणी. बुडावरचा शिक्कासुद्धा एकच. फरक फक्त डबीवर लिहिलेला.

खंडेनवमीला सकाळी कल्पिता पळायला गेलेली. शकूनं पाट मांडला. कोयता आला, कुदळ आली, मिठागरातलं गंजलेलं फावडं आलं, मिक्सर आला. ज्याला धार आहे किंवा वायर आहे, ते सगळं पाटावर. परशुरामनं कपाट उघडून रायफल दिली, गोळ्यांच्या चार डब्या दिल्या.

"डब्या हाईत तशाच ठेव गो," तो म्हणाला.

"डबीला हळद लावून गोळीला काय पोचणार? तुम्ही औषधाच्या पाकिटावर पाणी ओतून पिता काय?"

परशुरामनं स्वतःच झाकणं उघडून दिली. पूजेच्या बाबतीत तो तिला अडवत नाही. दोन वर्षांमागं खंडेनवमीला पोराचा, मितेशचा, डंपर भाड्यावर गेलेला, पूजा राहिली. आठ दिवसांनी गायमुखच्या उतारावर ब्रेक गेले. तेव्हापासून शकू घरातली एक वस्तू सोडत नाही. मागच्या वर्षी तिनं लिफ्टच्या बटणाला कुंकू लावलं, सोसायटीची नोटीस आली. परशुरामनं नोटीस फाडली आणि सेक्रेटरीला सांगितलं, पुढच्या वर्षी नारळ पण फुटेल.

तर शकूनं दोनशेच्या दोनशे गोळ्या ताटात ओतल्या. हाताला मेणचट लागल्या. ते मेण मुद्दाम लावलेलं असतं, नळीतून गोळी सुरळीत जावी म्हणून. शकूला वाटलं मळ. तिनं भांड्याच्या साबणाचं फडकं घेतलं आणि एकेक गोळी पुसून लखलखीत केली. प्रत्येकीला हळद, प्रत्येकीला कुंकू. वरून पाणी शिंपडलं, ओवाळलं. मग वाळवून परत चारी डब्यांत भरल्या.

कल्पिता घरी आली, डबी उघडली, आणि उभीच राहिली.

"आई, मॅचच्या गोळ्या कुठल्या डबीत घातल्यास?"

"सगळ्यांत घातल्यात."

"तसं नाही. मॅचच्या कुठल्या आणि सरावाच्या कुठल्या?"

"सगळ्या तुझ्याच ना? मग?"

कल्पिता ओरडली नाही. त्या घरात दोन वर्षं कोण ओरडत नाही. "छान केलंस," म्हणाली, बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

गोळी चांगली की वाईट, हे मारल्यावर कळतं, आणि मारली की ती संपते. पण पोरगी हुशार. चांगल्या लॉटच्या गोळ्या वजनाला सारख्या भरतात, हलक्यातल्या कमीजास्त. तेव्हा तोलून निवडायच्या. असं तोलणारा काटा सोनाराकडे. दसऱ्याला सकाळी बापलेक आपट्याची पानं आणतो सांगून निघाले, ते थेट खोपटला हितेशशेठच्या दुकानात.

दसऱ्याचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. परशुरामनं रुमाल मखमलीच्या तबकात उलटा केला.

"हितेशशेठ, एवढं वजन करून दे."

हितेशनं बघितलं. "काका, हे सोनं नाय."

"पितळ हाय. पुढं शिसं."

"काय हाय ते मला दिसतंय. गिऱ्हाईक बसलंय काका, सणाचा दिवस हाय."

"म्हनूनच बोलतो, पटपट कर."

तीस वर्षांचा घरोबा, नाही कसं म्हणणार? हितेश चिमट्यानं एकेक गोळी काट्यावर ठेवायला लागला, कल्पिता आकडा बघून ढीग करायला लागली. चाळीसेक झाल्या. काम जमत होतं. शेजारी एक बाई मंगळसूत्र गळ्याला लावून बघत होती. तिला आरशात स्वतःच्या मागं गोळ्यांचा ढीग दिसला. तिनं नवऱ्याला कोपर मारलं. नवरा गाडी नीट लावून येतो म्हणून बाहेर गेला आणि पोलिसांना फोन केला, की सोनाराच्या दुकानात हत्यारवाले शिरलेत, एक म्हातारा आणि एक पोरगी.

ठाण्यात अँब्युलन्सला अर्धा तास लागतो. ही गाडी चार मिनिटांत आली.

पोलीस स्टेशनला निशा मॅडम म्हणून फौजदार होत्या. शांत बाई. लायसन बघितलं, गोळ्या मोजायला लावल्या. धोंडिबा हवालदार मोजत होता.

"मॅडम, ह्यांना कुंकू लावलंय."

"मग तसं लिहा."

धोंडिबानं लिहिलं, नग अमुक, हळदकुंकवासह. मोजून झाल्यावर मान वर केली. "एकशे सत्त्याण्णव."

"लायसनवर दोनशेची नोंद आहे," मॅडम म्हणाल्या. "तीन कुठे आहेत?"

परशुरामनं रुमाल झटकून बघितला. शेवटी कल्पिताने आईला फोन लावला. मॅडमनी खुणेनं सांगितलं, स्पीकरवर टाक.

"आई, गोळ्या तीन कमी भरतायत गं."

"देवाजवळ हाईत. एक तुझ्या नावची ठेवली, एक तुझ्या बाबांच्या."

"आणि तिसरी?"

"मितेशच्या. त्याची वगळायची काय?"

कल्पितानं फोन ठेवला. धोंडिबानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. कोण मितेश, ते परशुरामनं दोन वाक्यांत सांगितलं.

"तुम्ही चांगली माणसं आहात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून पंचनामा नीटच करावा लागेल, उद्या तुम्हालाच त्रास नको. गोळ्या इथे जमा राहतील. सोमवारी त्या तीन घेऊन या, लायसनची शाखा उघडेल, आकडा जुळला की सगळ्या परत."

"मॅडम, माझी मॅच उद्या आहे."

"कसली?"

"पोलिसात घेतात ना खेळाडू, त्याची."

"म्हणजे आमच्यातच यायचंय की," धोंडिबा म्हणाला.

"आलीच हाय ना," परशुराम म्हणाला. "बसलीय तुमच्या समोर."

मॅडम हसल्या नाहीत. गोळ्यांची पावती मात्र स्वतःच्या हातानं लिहून दिली.

दुसऱ्याच्या गोळ्या उसन्या घ्याव्यात, तर ते चालत नाही, प्रत्येकाच्या नावावर मोजून असतात. राहिला रायफल क्लबचा साठा. मॅच विठ्ठलवाडीला, स्टेशनपासून पुढं एक जुनी रेंज आहे तिथं. तिथल्या बंदुका-गोळ्या सांभाळतो सहदेव. त्यानं डबा काढला, फुंकर मारली.

"ह्या चालतील ना, सहदेवकाका?" कल्पिताने विचारलं.

"सुटल्या तर चालतील."

"आणि नाय सुटल्या तर?" परशुराम म्हणाला.

"तर नाय चालणार. मी काय वेगळं बोललो? सत्तर देतो. पावसाळा काढलाय त्यांनी ह्या खोलीत, त्यांची पण बाजू समजून घ्या."

पन्नास मिनिटांत साठ गोळ्या मारायच्या. पहिल्या पाच मारल्या, एक वर, एक खाली, जशी ओळखीतली माणसं वेळेला वागतात तशा. कल्पितानं दम धरला. गोळीचा स्वभाव ओळखला आणि तिच्या मागं धावणं सोडलं. मार्क जमायला लागले. सातवीला घोडा दाबला, नुसतं टक.

न सुटलेल्या गोळीचा नियम कडक. कधी कधी उशिरानं सुटते आणि माणूस घेऊन जाते. तेव्हा नळी समोर धरून अर्धा मिनिट हलायचं नाही, मग हात वर. रेंजचा साहेब येणार, बघणार, गोळी काढणार. दीड-दोन मिनिटं गेलीच. तेराव्याला परत टक. बाविसाव्याला टक. परशुराम मागं प्रेक्षकांच्या बाकावर बसून मिठागरावर घाम येत नव्हता एवढा घामला.

"काय होतंय हे, सहदेव?"

"मोठ्या रायफलीच्या गोळीला बुडाच्या मधोमध टिकली असते," सहदेव सांगायला लागला. "पिन तिच्यावर आपटते. ह्या पिटुकलीला टिकली नाय. हिचा मसाला बुडाच्या आतल्या काठात असतो, गोल. पुरणपोळी बघा. चांगल्या बाईचं पुरण काठापर्यंत जातं, कुठनं पण घास घ्या. गबाळीचं एका बाजूला राहतं. पिन नेमकी कोरड्या काठावर आपटली, की झालं. तीच गोळी जरा फिरवून घातली असती तर सुटली पण असती."

"मग फिरवू दे ना तिला."

"मॅचमध्ये साहेब काढून ठेवतो. माझी मॅच असती तर मी दिली असती फिरवायला."

नऊ वेळा टक झालं. एकोणसाठावी सुटली तेव्हा फळ्यावर पाचशे पंच्याहत्तर होते आणि घड्याळात पाऊण मिनिट. पाच मार्क पाहिजेत. पाचाचं वर्तुळ आमटीच्या वाटीएवढं असतं, तेवढ्यात ही पोरगी शिंकत मारते. ती घाईला आली नाही. श्वास सोडला, अर्धा धरला, दाबलं.

टक.

नळी समोर धरून ती हलली नाही. हात वर केला. साहेब तिच्यापर्यंत पोचायच्या आत घंटा झाली.

मॅच संपल्यावर सहदेवनं ती साठावी गोळी टेबलावर आपल्या पद्धतीनं उघडली आणि परशुरामला भिंग दिलं. काठाच्या तीन बाजूंना मसाला होता. चौथी बाजू धुतलेल्या पातेल्यासारखी. पिनची खूण बरोबर तिथं.

"ह्यात पोरीचा हात नाय," सहदेव म्हणाला. "रायफलीचा नाय. हवेचा पण नाय. हिला जन्मतःच कमी."

येताना रिक्षात बापलेकीनं ठरवलं. आईला सोनार सांगायचा नाही, पोलीस सांगायचे नाहीत. नाहीतर बसेल बोलत, माझ्या धुण्यामुळं पोरीची नोकरी गेली. सांगायचं, तुझ्याच गोळ्या मारल्या.

शकू ताट घेऊन दारात. "किती झाले?"

"पाचशे पंच्याहत्तर," कल्पिता म्हणाली. "नाही झालं आई. पण तुझ्या गोळ्या मस्त गेल्या. एकोणसाठ, एकसारख्या."

"आणि साठावी?"

"ती सुटली नाही. होतं असं एखादीचं."

शकूनं ताट खाली ठेवलं. चपलांच्या स्टँडवर टेकली. "पूजा करताना मधीच दाराची बेल वाजलेली. दूधवाला. तेव्हा एक राहिली असणार कुंकवाची."

"अगं नाही, तसं नसतं."

"डंपरचं पण असंच ना. एकदाच राहिलं."

मग परशुरामला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं, सोनार, ती बाई, निशा मॅडम, क्लबचा साठा, सगळं. शकूनं ऐकून घेतलं. त्यानं खिशातनं काढलेली पावती उलटसुलट बघितली. नवऱ्याच्या गालावरनं हात फिरवला.

"माझ्यासाठी खोटा कागद पण करून आणलात," म्हणाली.

आता अडकलंय ते असं. त्या एकशे सत्त्याण्णव गोळ्या घरी आणून दाखवल्या तर शकू मानेल, की तुझ्या गोळ्या मारल्याच नव्हत्या, आणि कुंकू एकीचं पण राहिलेलं नव्हतं. पण पोलीस म्हणतात, आधी त्या तीन आणा. आणि शकू देवाजवळच्या तीन हलवू देत नाही. दोन देते. तिसरीला हात लावला की नुसती बघते. सोमवार येऊन गेले तीन. कल्पिताची मुदत संपली. तिनं नोकरीचं बोलणं सोडलं, आईशी मात्र रोज भांडते आता. ओरडते. निदान तेवढं सुरू झालं.

घरच्यांचं शकू ऐकत नाही. घरचे प्रेमानं खोटं बोलतात, हे तिनं एकदा पकडलंय. तुमचं ऑफिस तिकडंच ना? सकाळी दहाच्या सुमाराला टॉवरच्या गेटवर भाजीची गाडी असते, तिथं असते ती. हिरव्या काठाची पिशवी. तुम्ही परके, तुमचं ऐकेल. बंदूक, मसाला, पिन, काय सांगत बसू नका. भेंडी घेता घेता एवढंच सांगा तिला, की त्या गोळीचं पुरण काठापर्यंत पोचलंच नव्हतं. राहिलं ते कारखान्यात राहिलं. तुझ्या ताटात काही राहिलं नव्हतं. सांगाल एवढं?